अठ्ठाविसाव्या दिवशी गाव घरी नव्हतं

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. बत्तीस वर्षं मायक्रोस्कोपात डोळा घालून बसलेल्या बाईकडे सांगण्यासारखं असून असून काय असणार? काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्याला जांभळा रंग, आणि त्यात हिवतापाचा जंतू दिसला की 'आहे', नाही दिसला की 'नाही'. सगळी नोकरी या दोन शब्दांत आटोपली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मान पुढे काढलेलीच राहते. सून म्हणते, आई, तुम्ही टीव्हीसुद्धा वाकून बघता. थकवा इतका मुरलाय की दुपारी झोपून उठले तरी तो उशाशी बसलेलाच असतो. पण फोन करणारा माणूस चिकट निघाला. तेव्हा एकच हकीकत लिहिते. ती मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेली नाही.

मी सरकारी दवाखान्यातली प्रयोगशाळा तंत्रज्ञ. हे नाव पगारपत्रकावर. लोकांच्या तोंडी मी 'रगतवाली बाय'. वेंगुर्ल्याच्या बंदरावर तापाचे खलाशी तपासायला गेले, की भर तुफानात होडी काढणारे गडी माझी सुई बघून एकमेकांच्या पाठीमागे लपायचे. फोंडाघाटच्या एका आजोबांनी तपासणी झाल्यावर काचपट्टी परत मागितली होती. माझं रक्त आहे, घरी नेतो, म्हणाले. नाही दिली तर पुढल्या खेपेला त्यांनी बोटच पुढे केलं नाही. एक बाई ताप नसताना दर सोमवारी बोट टोचून घ्यायला यायच्या. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि मी नाव, वय, गाव, कधीपासून ताप, एवढं तरी विचारायचे. त्यांची पट्टी कधीच 'आहे' निघाली नाही. तरी मी दर सोमवारी त्यांना सगळं पहिल्यापासून विचारायचे.

निवृत्तीला चार-पाच वर्षं असताना आमच्या दवाखान्याकडे एक मोठं काम आलं. हिवतापाच्या गोळ्या अजून लागू पडतात की नाही, ते मोजायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात मोजायचं काय? गोळ्या दिल्या, ताप उतरला, झालं काम. तसं नसतं. औषधाने बरेचसे जंतू मरतात, पण चार जरी चिवट उरले तर तीन आठवड्यांनी परत वाढतात आणि माणूस पुन्हा कुडकुडायला लागतो. म्हणून बरं वाटल्यावरही त्याला ठरल्या दिवशी बोलवायचं. पहिले तीन दिवस रोज, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि शेवटी अठ्ठाविसाव्या दिवशी. दरवेळी बोट टोचायचं. अठ्ठावीस दिवस रक्त स्वच्छ राहिलं तर औषध लागू पडलं असं म्हणायचं.

त्यातही एक गोम होती. जंतू परत दिसला, तर तो जुनाच उरलेला, की नवा डास चावून आलेला? म्हणून पहिल्या दिवशी जाड कागदावर रक्ताचा एक ठिपका घेऊन सुकवून ठेवायचा. ताप परत आला की दुसरा ठिपका घ्यायचा. दोन्ही शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिथे जंतूंचं कूळ जुळवून बघायचे. जुळलं तर दोष औषधाचा, नाही जुळलं तर डासाचा.

पण खरी डोकेदुखी जंतूंची नव्हती, माणसांची होती. बरं वाटलं की माणसं यायचीच बंद व्हायची. कोणी मुलाकडे मुंबईला, कोणी काजूच्या कारखान्यात, कोणी बहिणीच्या लग्नाला. 'बरो झालंय, मगे कित्याक येव?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. अशा माणसाचं काय करायचं? तो बरा झाला असं धरायचं की नाही?

हे मला शिकवलं केळकरांनी. हे आकडेशास्त्रातले तरुण गृहस्थ पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. अत्यंत सभ्य, माशाला हात न लावणारे, त्यामुळे आमच्याकडे येऊन डाळभातावर दिवस काढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर जे लिहिलं त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मग त्यांनी साध्या शब्दांत परत सांगितलं, तेव्हा मी त्यांना आमच्या आंब्याच्या कलमांचं उदाहरण दिलं. दहा कलमं लावली. जगतात किती, ते पाहायचंय. दोन महिन्यांनी एक म्हशीने खाल्लं. ते मेलं असं म्हणायचं का? नाही. जगलं असंही म्हणता येत नाही. एवढंच खरं, की दोन महिने ते हिरवं होतं. तेवढ्या दोन महिन्यांपुरती त्याची साक्ष घ्यायची आणि पुढे त्याला हिशेबातून मोकळं करायचं. केळकरांनी खडू ठेवला. म्हणाले, मॅडम, हेच. अगदी हेच.

मग त्यांनी पायऱ्यांचा आलेख काढून दाखवला. रेघ वरून सुरू होते. औषध एकदा हरलं की रेघ एक पायरी खाली उतरते. जो माणूस यायचाच थांबला, त्याच्या दिवशी रेघेवर एक बारीक उभी खूण करायची. रेघ खाली येत नाही. त्यांनी एक अट मात्र दोनदा सांगितली. माणूस न येण्याचा आणि औषधाचा काही संबंध नसला तरच ही खूण खरी. म्हशीने खाल्लं तर ठीक. पण कलम सुकायला लागलं म्हणून तुम्हीच उपटून टाकलंत आणि 'म्हशीने खाल्लं' असं लिहिलंत, तर सगळी बाग फसवी.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर किनाऱ्याकडच्या एका गावात तापाची साथ उठली. गावाचं नाव लिहीत नाही. आम्ही तिथे एक दिवसाचं शिबिर घेतलं आणि अकरा जण आमच्या पाहणीत आले. त्यात एक होते सदाशिव घाडी. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, बोलणं कमी. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा आणि कौल घ्यायचा मान त्यांच्या घराण्याकडे. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या पाकळ्या लावणारा हात आबांचा.

आबा माझे सगळ्यात शहाणे रोगी. ठरल्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांची छत्री दवाखान्याच्या खिडकीशी टेकलेली असायची. बोट टोचताना ते कधी दुसरीकडे बघायचे नाहीत. एकदा विचारलं, 'बाये, ह्या रगतात माका काय दिसात?' मी त्यांना मायक्रोस्कोपातून पहिल्या दिवसाची पट्टी दाखवली. अंगठीसारखे जंतू बघून ते बराच वेळ वाकून राहिले. मग चौदाव्या दिवसाची स्वच्छ पट्टी दाखवली. तेव्हा म्हणाले, 'म्हंजे तुझा पण कौलच हा.' एकविसाव्या दिवशीही त्यांचं रक्त स्वच्छ होतं. अकराही जणांचं होतं.

आणि मग गावपळण आली. आमच्या मालवणकडच्या काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांतून एकदा देवाच्या हुकमाने अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधून लोक राहतात. तीन दिवस, तीन रात्री गावात माणसाचा पाय पडत नाही, चूल पेटत नाही. देऊळ तेवढं वेशीच्या कडेला, तिथे मानकरी जातात. चौथ्या दिवशी सकाळी परत कौल घ्यायचा. देवाने होकार दिला की गाव घरी. नाही दिला तर अजून एक दिवस बाहेर. मजा असते तशी. नदीचे मासे, वडे-सागोती, पोरांना शाळा नाही. अकरा जणांचा अठ्ठाविसावा दिवस नेमका गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी येत होता.

मी केळकरांना आधीच फोन करून सांगितलं. त्यांना ते कळायलाच पाच मिनिटं लागली. कळल्यावर खूश झाले. म्हणाले, मॅडम, याच्याइतकं निर्दोष कारण मी ऐकलं नाही. अख्खा गाव जातोय, बरा असो की आजारी. औषधाशी काही संबंध नाही. नियमाप्रमाणे दोन दिवस इकडे-तिकडे चालतात, त्यामुळे चौथ्या दिवशी परत आले की लगेच पट्ट्या घ्या. तरी जमलं तर अठ्ठाविसाव्या दिवशीच तिथे जाऊन घ्या. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात पहिलं राहिलं, शेवटचं वाक्य राहिलं नाही. किंवा राहिलं होतं, पण माझे गुडघे दुखत होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मी आणि आमचा आरोग्य कर्मचारी बाबी जीपने गेलो. नियमाप्रमाणे घरी भेट द्यायला हवी होती. अर्जावर चौकोन असतो, 'घरी भेट दिली, आढळले नाहीत', त्यात बरोबरची खूण करायची. वेशीच्या आत तर कुणी जायचं नाही. जीप बांधापाशी थांबली. पलीकडे भाताची कापलेली शेतं, त्यापुढे नदी, नदीकाठी खोपींची रांग आणि धूर. पायी दहा मिनिटं, उन्हात. दवाखान्यात मजुरांच्या छावणीतल्या पन्नासेक पट्ट्या रंगवून ठेवलेल्या होत्या, त्या तपासायच्या होत्या. मी बांधावर उभी राहून त्या खोपींकडे बघितलं. बाबी म्हणाला, 'बाय, घराक कोण नाय ह्या तर खरा ना? मगे लिवा तसा.' मी जीपच्या बॉनेटवर अकरा अर्ज ठेवले आणि अकरा खुणा केल्या. त्यात खोटं अक्षर एकही नव्हतं. घरी कुणी नव्हतंच. दोन दिवसांनी परत येतील तेव्हा पट्ट्या घेऊ, असं म्हणून आम्ही वळलो.

दोन दिवसांनी गाव परतला नाही. कौल झाला नाही, असं कळलं. होतं कधी कधी असं. मी दवाखान्यात वाट बघत बसले. संध्याकाळपर्यंत येतील, म्हटलं. तो नियमात बसणाऱ्या दिवसांपैकी शेवटचा होता. दुसऱ्या दिवशीही कौल नाही. माझ्याकडे अकरा खुणा होत्या, कारण निर्दोष होतं आणि मी निवांत होते, हे कबूल करायला हवं.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आबांची सून वैशाली खिडकीशी आली. चालत आली होती. तिने आधी मागेपुढे बघितलं आणि मग म्हणाली, 'बाय, आबांका ताप आसा. चार दीस झाले. कोणाक सांगूक दिनत नाय.' चार दिवस. म्हणजे मी बांधावर उभी होते तेव्हा आबा त्या धुराखाली तापाने पडले होते. हा ताप साधा नव्हे, डोक्यात चढणाऱ्या जातीचा. त्यांच्या वयाच्या माणसाला चौथा दिवस म्हणजे फार झालं.

रुग्णवाहिका बांधापर्यंत आली. पुढे मी, बाबी आणि वैशाली चालत गेलो. त्या दिवशी गुडघ्यांची आठवणही झाली नाही. आबा खोपीत कांबळं पांघरून बसले होते, पडले नव्हते. डोळे पिवळसर, ओठ सुकलेले. तरी मला बघून त्यांनी सवयीने बोट पुढे केलं. मी पट्टी घेतली, कागदावर ठिपका घेतला. झटपट चाचणीची पट्टी जुन्या तापानंतरही कित्येक दिवस रंग दाखवते, तिचा भरवसा नाही. पण मला पट्टीची गरजच नव्हती. हात हातात घेतल्यावरच कळत होतं. मी म्हटलं, 'आबा, आत्ताच्या आता चला. गाडी आसा.'

आबा नाही म्हणाले. त्यांच्याशिवाय कौल कोण घेणार? कौल झाल्याशिवाय गाव घरी कसा जाणार? पाचवा दिवस होता. तांदूळ संपत आले होते, एका घरची म्हैस व्यायला टेकली होती, म्हातारी माणसं कंटाळली होती. मी वैशालीला आणि बाबीला बाहेर जायला सांगितलं. मग मी रागावले. असा कसा देव, म्हटलं, आपल्याच माणसाचा जीव जाईपर्यंत होकार देत नाही. आबांनी डोळे मिटले.

'देव नाय म्हणूक नाय,' ते म्हणाले. 'मी कौल घेवकच नाय.'

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. दोन्ही सकाळी ते देवळात गेले होते. ओली पाकळी उचलली आणि हात थरथरायला लागला. तशीच लावली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ते नुसते उभे राहिले, गाऱ्हाणं न घालताच बाहेर आले आणि लोकांना म्हणाले, कौल झाला नाही. तेही खोटं नव्हतं.

'थरथरत्या हातान लावलेली पाकळी पडली,' आबा म्हणाले, 'तर ती देवान पाडल्यान काय तापान, ता मी कसा सांगू, बाये?'

बत्तीस वर्षांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नाही. जंतू जुना की नवा, औषधाचा दोष की डासाचा, न आलेला माणूस कशामुळे आला नाही, हे सगळं शिकायला आम्हाला पुण्याचा माणूस लागला होता. आबांना ते तापातही कळत होतं. आणि तापाची गोष्ट लोकांना सांगितली, तर गावपळणीत मानकरीच आजारी पडला, देव कोपला, असा बोभाटा होईल, ही भीती होती. खरेपणा आणि भीती, दोन्ही एकाच माणसात होती आणि दोन्हींनी मिळून त्यांना त्या खोपीत बसवून ठेवलं होतं.

वाद घालायला वेळ नव्हता. मी त्यांना आमची रीत सांगितली. प्रत्येक पट्टी दोघं वाचतात. पहिल्याने काय बघितलं ते दुसऱ्याला सांगत नाहीत. माझे डोळे थकले असतील त्या दिवशी दुसऱ्याचे डोळे असतात, त्यात माझा मान जात नाही. म्हटलं, 'आबा, गाऱ्हाणा तुमचा आसांदे. हात भिवाकाकांचो घेवा.' भिवा त्यांचा धाकटा भाऊ, बाहेर विडी ओढत बसला होता. आबांनी कांबळं बाजूला केलं. मग म्हणाले, 'तेका हाक मार.'

मी त्यांना अर्धा तास दिला. द्यायला नको होता, आमचे डॉक्टर नंतर मला खूप बोलले आणि ते बरोबरच होतं. दोघं भाऊ देवळात गेले. आबा खांबाला टेकून बसले आणि गाऱ्हाणं घातलं, आवाज खणखणीत नव्हता पण शब्द एक चुकला नाही. भिवाने पाकळ्या लावल्या. मी दाराबाहेर घड्याळ बघत होते. उजवी पडली. बाहेर लोकांनी गुरं सोडायला सुरुवात केली तेव्हा आबांना आम्ही दोघातिघांनी उचलून गाडीत घातलं होतं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात ते नऊ दिवस होते. पहिले तीन दिवस माणूस ओळखत नव्हते. मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि वैशाली 'तसाच' एवढंच सांगायची. चौथ्या दिवशी त्यांनी पेज मागितली. वाचले, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. चालताना काठी लागायला लागली.

गाव परतल्यावर मी बाकीच्या दहा जणांच्या पट्ट्या घेतल्या. सगळ्या स्वच्छ. आबांची पट्टी जंतूंनी भरलेली होती. गावपळणीत नवा डास चावला असेल, असं आमच्यातलेच काहीजण म्हणाले. पण डास चावल्यापासून जंतू रक्तात दिसायलाच आठवड्याहून जास्त लागतो आणि ताप दुसऱ्या दिवशीच आला होता. पुढे कागदावरच्या ठिपक्यांनीही तेच सांगितलं. कूळ जुळलं. जुनाच होता, औषधाला पुरून उरलेला.

आता वाचणाऱ्याला वाटेल, मग झालं, औषध हरलं तिथे एक पायरी खाली. केळकर महिनाअखेरीला आले आणि त्यांनी संगणकावर रेघ काढली. पायरी नव्हती. अकरा बारीक खुणा होत्या. नियमाचे दिवस संपल्यावर एक दिवसाने आबांची पट्टी घेतली होती, म्हणून नियमाने ती मोजायची नाही. कागदावर आबा एकविसाव्या दिवसापर्यंत बरे होते आणि पुढे गावपळणीमुळे दिसले नाहीत. निर्दोष कारणाने. मरणाच्या दारातून परतलेला माणूस त्या आलेखावर औषधाच्या बाजूने साक्ष देत होता. हेच औषध पुढच्या साथीत पुढच्या आबांना द्यायचं की नाही, ते असल्या आलेखांवरून ठरतं.

केळकरांनाही ते बरं वाटत नव्हतं. म्हणाले, हे अकरा जण का आले नाहीत, त्यात काही वेगळं असेल तर सांगा. औषधाशी संबंध असेल तर मी दोन्ही तऱ्हांनी हिशेब करून अहवालात मांडीन. सगळे हरले असं धरून एकदा, सगळे बरे धरून एकदा, आणि कारण स्पष्ट लिहीन. मी दोन दिवस मागून घेतले. ते कारण मला माहीत होतं. गाव दोन दिवस बाहेर राहिला तो देवामुळे नाही, आबांच्या हातामुळे, आणि हात थरथरला तो औषध हरल्यामुळे. एका माणसाच्या परतलेल्या तापाने बाकीचे दहाही हिशेबातून बाहेर गेले होते. पण ते आबांनी मला खोपीत सांगितलं होतं, रगतवाल्या बायेला, गावाला नाही.

म्हणून मी आबांकडे गेले. ते ओट्यावर सुपाऱ्या निवडत होते. मी सगळं समजावलं, ती उभी खूण, ती पायरी, माझ्या आंब्याच्या कलमांसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, माझं नाव लागेल का? मी म्हटलं, नाव नाही, फक्त नंबर आणि कारण. पण कारण वाचून या भागातलं कुणीही ओळखेल. आबा म्हणाले, 'लिव. पण गावाक आदी मी सांगतंय. तुझ्या कागदासून कळूक नको.'

जत्रेच्या आदल्या दिवशी देवळासमोर मानकरी जमले होते. आबा काठी टेकत उभे राहिले आणि जसं घडलं तसं सांगितलं. मी मुद्दाम गेले होते, मागे बायकांत उभी होते. मग एकजण म्हणाला, म्हणजे आम्ही दोन दिवस फुकट बाहेर राहिलो. काहीजण हसले, काही उठून गेले. त्या वर्षापासून पाकळ्या भिवा लावू लागला. आबांनी ते स्वतःहून दिलं की घेतलं गेलं, हे मी कधी विचारलं नाही. केळकरांच्या अहवालात तळटीप आली, दोन्ही हिशेब आले, आणि एका रेघेत आबांची पायरी खाली उतरली. त्या अहवालाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. आमच्यापर्यंत काही येत नाही.

त्या दिवशी देवळाहून परतताना आबा मला सोडायला बांधापर्यंत आले. नको नको म्हटलं तरी आले. नेमक्या त्या जागी थांबले आणि काठीने जमीन दाखवली.

'तू हयच उभी होतंस,' ते म्हणाले. 'मी खोपीतना बघित होतंय. चलत येतलंस असा वाटला. हाक मारूक तोंड उघडलंय, पण मगे वाटला, ही इली तर सगळ्यांका कळात. तू फिरलंस तेवा माका बरा वाटला.'

जीप उभी होती, बाबी हॉर्न वाजवत होता.

'माझा मी सांगलंय, गो,' आबा म्हणाले. 'तुझा तू खंय सांगलंस?'

मी सांगितलं नव्हतं. केळकरांना मी आबांची सगळी हकीकत सांगितली, पण त्या चौकोनाबद्दल बोलले नाही. त्यांनी अर्ज बघितले, खुणा बघितल्या आणि विश्वास ठेवला. आबांनी मला परत कधी विचारलं नाही. पुढे माझ्या निवृत्तीला त्यांनी सुनेकडून शहाळी पाठवली. गेल्या पावसाळ्यात ते गेले. मी जाऊन आले, भिवाकाकांजवळ बसले, आणि तेव्हाही बोलले नाही.

ते अकरा अर्ज कुठल्या तरी कपाटात असतील. प्रत्येकावर 'घरी भेट दिली, आढळले नाहीत' या चौकोनात माझी बरोबरची खूण आहे आणि खाली माझी सही. मी घरी भेट दिली नव्हती. मी बांधावर उभी होते, आणि तिथून खोपी दिसत होत्या.